नऊ जॉर्ज फ्लेट

गुरुवार, २ मार्च १९६१

शेवटचं वाक्य वाचून कागद खाली ठेवले आणि समोर पाहिलं. कोणी टाळी वाजवली नाही. चर्चच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं ओल्या कोटांसकट बसलेली, आणि आवाज फक्त खिडकीच्या फटीतल्या वाऱ्याचा. पोर्टकार्नीची माणसं तोंडावर स्तुती करत नाहीत हे सात वर्षांत कळलं आहे. पण इतका परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

मुद्दाम १८६९च्या वादळाचं प्रकरण वाचलं. माझ्या पाचही कादंबऱ्यांत समुद्र आहे, पण त्यांतली माणसं मी बनवलेली. हे पुस्तक पहिलंच खरं, या बंदराचा इतिहास. त्या वादळात धक्क्याच्या टोकावरचा दिवा लागला नाही. तीन होड्या बंदराचं तोंड चुकून खडकांवर गेल्या. अकरा माणसं बुडाली. दिवा का लागला नाही हे आजवर कोणी छापलेलं नाही. मी शोधून काढलं. दिव्याची पाळी जॉर्ज फ्लेट याची होती आणि तो घरी झोपून राहिला. बंदराच्या जुन्या वहीत त्याचं नाव आहे. दफनभूमीत त्याचा दगड आहे. खालच्या आळीत त्याचं घर आहे, आता जाळी ठेवायला वापरतात. त्या घराचं दार फुटलेल्या होडीच्या फळ्यांचं आहे, हेही मी लिहिलं: 'मेलेल्यांचं लाकूड उचलताना त्याचा हात थरथरला नाही.' शेवटचं वाक्य असं: 'जॉर्ज फ्लेट म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात मेला, अकरा जणांना ते सुख मिळालं नाही.' हे सुचलं त्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नव्हतं.

नंतर चहा. स्कोन-पावांच्या ताटांना कोणी हात लावला नाही. दुकानवाली क्रिस्सी म्हणाली, 'मास्तर, वाचता छान तुम्ही.'

'आणि लिहितो?'

'वाचता छान,' ती म्हणाली.

वॉटी बंदराचा कारभार बघतो. जुन्या वह्या त्यानेच मला दिल्या होत्या. त्याने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

'मास्तर, ती वही नीट वाचलीत ना?'

'तीनदा.'

'तीनदा,' तो म्हणाला, टोपी घातली आणि गेला.

शेजारीण एल्स्पेट चहाला थांबली नाही. हॉल कोंदट होता, डोकं दुखलं असेल. तिचं मत ऐकायचं होतं.

प्रुफं अठराच्या सकाळच्या बसने एडिंबरोला गेली पाहिजेत. प्रकाशकांकडचे प्रिंगल रोज एक पत्र पाठवतात.

शुक्रवार, ३ मार्च

दाराच्या मुठीला मासे नव्हते. मंगळवारी आणि शुक्रवारी एल्स्पेट वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन हॅडॉक अडकवून ठेवते. सात वर्षांत एकदाच चुकली, नवरा गेला त्या आठवड्यात. हवा खराब आहे, बोटी गेल्या नसतील.

ओट्सची लापशी करून खाल्ली. दोनदा.

रविवार, ५ मार्च

चर्चमध्ये माझ्या बाकावर आज ऐसपैस जागा होती. एरवी खांद्याला खांदा लागतो. पाद्रींनी खोट्या साक्षीवर प्रवचन दिलं. भाषा चांगली, पण लांबलं. अधूनमधून माझ्याकडे बघत होते. लेखक समोर बसला की बोलणाऱ्याला हुरूप येतो.

सोमवार, ६ मार्च

एक गोष्ट अस्वस्थ करते आहे. पाव आणायला गेलो तर क्रिस्सीच्या दुकानाच्या दारातच ऐकू आलं:

'किटलीला कोणीतरी सांगायला हवं.'

'तू सांग.'

'मी कशाला? वॉटीनं वही दिली, वॉटी सांगेल.'

मी आत गेलो आणि दोघी गप्प. एकीने साबणाचा वास घ्यायला सुरुवात केली.

या गावात टोपणनावं फार. एक गाजर आहे, एक राजा आहे, एक लॅटिन आहे आणि त्याला इंग्रजीसुद्धा धड येत नाही. पण किटली नावाचा कोणी मी कधी पाहिलेला नाही. आणि वॉटीने त्यालाही वही दिली? म्हणजे माझ्या पाठीमागे आणखी कोणी १८६९वर काम करतो आहे. सात वर्षं खपलो मी, आणि शेवटच्या पंधरवड्यात हा उगवला.

मंगळवार, ७ मार्च

मुठीला आजही काही नाही. दुपारी धक्क्यावर गेलो तर हॅडॉकच्या पेट्या माणसाच्या उंचीएवढ्या रचलेल्या. म्हणजे बोटी जात आहेत. एल्स्पेटचा भाऊ आजारी असेल, मासे तोच आणतो. पण तो पेट्यांवर बसून सिगारेट ओढत होता. मी हात केला. त्याने सिगारेट विझवली आणि दुसरीकडे जाऊन पेटवली.

वॉटीच्या कचेरीत गेलो. सरळच विचारलं.

'ही किटली कोण?'

वॉटी पाईप भरत होता. तंबाखू टेबलावर सांडली. 'कोणी सांगितलं तुम्हाला?'

'कानावर आलं. तोही १८६९वर लिहितोय का?'

'लिहितोय खरा.'

'जमलंय?'

'मेहनती आहे,' वॉटी म्हणाला. 'मेहनतीला नाव ठेवता येणार नाही.'

'माझी गाठ घालून द्या ना.'

तो खिडकीतून समुद्राकडे बघत राहिला. खांदे हलत होते. खोकला असावा.

'अवघड आहे, मास्तर. घरी सापडतो, पण लवकर ध्यानात येत नाही त्याच्या काही.'

'राहतो कुठे?'

'तुमच्याच आळीत की.'

आमच्या आळीत मी, एल्स्पेट आणि ते दोघे बहिरे मंरो बंधू. म्हणजे धाकटा मंरो! दिसतो तसा नाही तर.

बुधवार, ८ मार्च

धाकट्या मंरोकडे जाऊन आलो. तासभर ओरडलो. त्याच्या घरात पेन्सिलसुद्धा नाही. तो किटली नव्हे, किंवा फार पोचलेला आहे. निघताना थोरल्याने मला ओट्सची भाकरी दिली आणि माझ्या दंडावर थोपटलं, आजारी माणसाला थोपटतात तसं.

शुक्रवार, १० मार्च

हे नीट लिहायला हवं.

सकाळी एल्स्पेटची रिकामी बशी परत करायला गेलो. खरं म्हणजे बोलायला गेलो. ती जाळं दुरुस्त करत होती. 'बसा' म्हणाली नाही. एरवी मी बसल्यावर म्हणते.

'बाई, माझं काही चुकलं का?'

'तो दगड बघितलात ना तुम्ही? दफनभूमीतला?'

'जॉर्ज फ्लेटचा? हो. मोजमापं घेतली.'

'माझा आजोबा तो. आईचा बाप.'

मला ठाऊक नव्हतं. कसं असणार? निम्मं गाव फ्लेट. ही लग्नाआधीही फ्लेट आणि लग्नानंतरही फ्लेट. तोंडातून निघालं ते असं: 'फार वाईट वाटतं. पण वहीत लिहिलंय.'

'वहीत काय लिहिलंय ते मला माहीत आहे. तुम्ही माणूस चुकीचा धरलाय.'

'मग बरोबरचा कोण?'

तिने जाळ्याची गाठ आवळली.

'बाई, नुसतं नाही म्हणून कसं चालेल? पुरावा द्या. मी बदलतो.'

'माझा आजोबा त्या रात्री धक्क्यावर होता.'

'कोणी पाहिलं?'

'ज्यांनी पाहिलं त्यांची नातवंडं त्या दिवशी हॉलमध्ये तुमच्यासमोर बसली होती. सत्तर जणं. एकानं तरी स्कोन खाल्लं?'

'मग त्यांनी सांगावं! कोण होता दिव्यावर? एक नाव सांगा.'

'ते आम्ही बोलत नाही,' ती म्हणाली. 'ब्याण्णव वर्षं झाली, कोणी बोललेलं नाही. तुम्हाला वाचता येतं, मास्तर. वाचा.' आणि बशी घेऊन आत गेली.

आजवर मला वाटत होतं, लोक हलून गेले म्हणून गप्प होते. ते वेगळ्याच कारणाने गप्प होते. हे लिहितानाही कान गरम होत आहेत.

शनिवार, ११ मार्च

दिवसभर विचार केला. प्रत्येक घराला आपला आजोबा धुतल्या तांदळासारखा वाटतो. इतिहास लिहिणाऱ्याने शेजारणीच्या रागाला भिऊन नाव गाळलं तर त्याने कादंबऱ्याच लिहाव्यात. सत्य ते सत्य. नाव राहील.

हे लिहून फार बरं वाटलं. अर्धा तास टिकलं.

एल्स्पेट खोटं बोलत नाही. माझ्या तिसऱ्या कादंबरीबद्दल तिने जे सांगितलं होतं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

सोमवार, १३ मार्च

पुन्हा सगळी टिपणं काढली. वहीतली ओळ मी शब्दशः उतरवली आहे: 'दिवा: जॉर्ज फ्लेट, डोसी.' डोसी ही त्याची होडी. त्यावर माझी तळटीपसुद्धा आहे: 'डोसी ही होडी त्या काळच्या कोणत्याही यादीत सापडत नाही, ती पुढे बुडाली असावी.' दगडावर नावाखाली 'कोस्टी' कोरलं आहे, ती त्याची नंतरची होडी. सगळं जुळतं. वाचा म्हणे. चौथ्यांदा वाचलं.

एकच गोष्ट जुळत नाही, आणि तिच्याकडे मी आजवर नीट पाहिलं नव्हतं. त्या रात्री चौथी होडी सुखरूप आत आली. धक्क्यावर कोणीतरी जाळ पेटवला होता, त्याच्या उजेडात. आठ माणसं वाचली. माझ्या पुस्तकात तो माणूस 'एक अज्ञात गावकरी' आहे. पाऊण ओळ. ज्याने दिवा लावला नाही त्याला मी अकरा पानं दिली.

प्रिंगलांचं पत्र: 'प्रिय हिस्लॉप, वादळाचं प्रकरण म्हणजे पुस्तकाचा कणा. स्वल्पविरामालाही हात लावू नका.'

बुधवार, १५ मार्च

किटली सापडली.

माझी एक छोटी वल्ह्याची होडी आहे. पहिल्या वर्षी घेतली, अभ्यासासाठी. दरवर्षी मार्चमध्ये वॉटी बोटी बांधायच्या जागांची यादी कचेरीबाहेरच्या फळ्यावर लावतो. मी ती कधी वाचत नाही; माझी जागा शेवटची, खडकापाशी. आज पाऊस आला म्हणून फळ्याच्या छपराखाली उभा राहिलो आणि दुसरं काही वाचायला नव्हतं.

'२६. निनियन हिस्लॉप, किटली. होडी: मे.'

पहिल्यांदा वाटलं, माझ्या जागेवर त्या किटलीचीही होडी बांधायला दिली. चिडलो. वॉटीला हाक मारणार होतो. मग वरच्या ओळी वाचल्या.

'२३. जेम्स फ्लेट, गाजर. होडी: फेथफुल.'

'२४. जेम्स फ्लेट, राजा. होडी: अर्नेस्ट.'

'२५. जेम्स फ्लेट, लॅटिन. होडी: ग्रेसी.'

पावसात उभा राहून पंचवीसही ओळी वाचल्या. सात जेम्स फ्लेट. नावापुढे स्वल्पविराम, मग टोपणनाव, मग होडी, ती वेगळी, तिच्यासमोर 'होडी' असं लिहून. सरकारी शिक्क्याच्या कागदावर. टोपणनावं सगळीकडे असतात. शिक्क्याच्या कागदावर असतात हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं जुन्या वह्यांतलं स्वल्पविरामापुढचं सगळं मी होडी म्हणून उतरवत आलो.

घरी येऊन १८६९ची यादी काढली. त्या वर्षी पोर्टकार्नीत जॉर्ज फ्लेट नावाचे नऊ पुरुष होते. बोझी, शेवी, बो, मोठा बो, डोसी, राजा, बदक, कोस्टी आणि एक नुसताच 'जॉर्जचा जॉर्ज'. दिव्यावर होता तो डोसी. दगडाखाली आहे तो कोस्टी. एल्स्पेटचा आजोबा.

आणि किटली मी. मंरोच्या घरात तासभर मीच मला शोधत होतो.

जेवलो नाही. हसूही येत होतं, हे लिहून ठेवतो, कारण तेही खरं आहे.

गुरुवार, १६ मार्च

सकाळी टोपी हातात घेऊन एल्स्पेटकडे गेलो. दारातच म्हणालो, 'बाई, मी गाढव आहे.'

'किटली,' आतून वॉटीचा आवाज आला.

तो तिच्या स्वयंपाकघरात बसला होता. समोर धुरवलेल्या हॅडॉकचं सूप. एल्स्पेटने तिसरं ताट ठेवलं. मी बसलो.

'किटलीच का?' मी विचारलं. आधी ते विचारायचं नव्हतं.

'पहिल्या हिवाळ्यात किटली शेगडीवर ठेवून तुम्ही लाटा मोजायला गेलात,' एल्स्पेट म्हणाली. 'आळीभर धूर. माझ्या भावानं ती खिडकीतून समुद्रात फेकली. तुम्ही परत आलात आणि मला विचारलंत, माझी किटली कोणी नेली का.'

'तुम्ही म्हणालात, माहीत नाही.'

'मग काय सांगणार? नवीन होता तुम्ही.'

मी वहीतली नऊ नावं टेबलावर ठेवली. डोसीवर बोट ठेवलं. 'हा कोण?'

एल्स्पेट उठून चुलीकडे गेली. पाठ केली.

'माझा आजोबा,' वॉटी म्हणाला.

मी म्हणालो, 'आणि वही तुम्हीच मला दिलीत?'

'मीच. मला वाटलं, तुम्हाला वाचता येतं.' तो सूप प्याला. 'चौसष्ट वर्षांचा झालो, मास्तर. वाटलं, बाहेरचा माणूस आहे, शिकलेला आहे, एकदाचं लिहून टाकेल. माझ्या तोंडून निघत नाही, त्याच्या हातून निघेल. आणि तुम्ही तिच्या आजोबाला धरलंत! मी हॉलमध्ये बसून म्हटलं, अरे देवा, यालाही जमलं नाही.'

'तो खरंच झोपला होता?'

'झोपतोय कुठला. आजी अडली होती. दोन दिवस. सुईण म्हणाली, एक जण जाणार. तो तिचा हात धरून बसला. दिव्याची वेळ गेली हे त्याला कळलंच नाही. पहाटे मूल झालं. आजीही राहिली. तो बाहेर आला तेव्हा किनाऱ्यावर माणसं ओळीनं ठेवली होती.'

'आणि मूल?'

'माझा बाप.'

एल्स्पेट चुलीकडेच तोंड करून बोलली. 'माझ्या आजोबाला दिवा लागलेला दिसेना, तो धावत सुटला. दिव्यापर्यंत चढता येईना, वारा तसा. मग घरचं दार काढलं. वल्ही, पेट्या, खुर्च्या, दार, सगळं धक्क्यावर नेऊन पेटवलं. चौथी होडी आली. त्यात क्रिस्सीचा आजोबा होता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराला दार नाही. मार्चचा महिना. मग बुडालेल्यांच्या बायकांनी फुटक्या होडीच्या फळ्या आणून दिल्या. स्वतः. खिळेसुद्धा त्यांचे.'

मी जे वाक्य लिहिलं होतं ते तिने म्हणून दाखवलं नाही. मला पाठ होतं.

'आणि डोसीला गाव काय म्हणालं?'

'काय म्हणणार? बाळ बघायला गेलं,' ती म्हणाली.

वॉटीने चमचा खाली ठेवला. 'तर आता लिहा. जॉर्ज फ्लेट, डोसी. सगळं लिहा. मी सही करतो.'

'काही लिहायचं नाही,' एल्स्पेट वळून म्हणाली.

'तू गप्प बस. तुझ्या आजोबाचं नाव जातंय.'

'माझं मी बघेन. तुझ्या घरात तीन नातवंडं आहेत, शाळेत जाणारी. ब्याण्णव वर्षं आमच्या घरानं तोंड उघडलं नाही ते काय या किटलीनं छापायला?'

'अगं पण आता छापलं जाणारच आहे! कोणाचं तरी!'

'सगळं प्रकरणच काढतो,' मी म्हणालो. खरंच तयार होतो. पुस्तकाचा कणा गेला तर गेला.

'काढायचं नाही,' दोघं एकदम म्हणाले. अकरा माणसं बुडाली होती. ती कुठे लिहायची?

एल्स्पेट खुर्चीवर बसली आणि यादी आपल्याकडे ओढली. नावं एकेक वाचली. मग म्हणाली, 'टोपणनाव न लिहिता लिहिता येतं ना तुम्हाला? तेवढं तर तुम्हाला येतंच.'

'येतं.'

'मग लिहा. जॉर्ज फ्लेट दिव्यावर गेला नाही, बायको अडली होती. जॉर्ज फ्लेटनं आपलं दार जाळलं. दगड काढा, घर काढा, आळी काढा. नुसतं जॉर्ज फ्लेट. नऊ होते, नऊ जणांत वाटून घेतील.'

'बाई, लोकांना तो एकच माणूस वाटेल!'

'वाटू दे.'

'पण ते खोटं होईल.'

'कोणतं वाक्य खोटं?'

मी मनात दोन्ही वाक्यं फिरवली. एकही खोटं नव्हतं. दोन्ही शेजारी ठेवली की मात्र जे उभं राहत होतं तसा माणूस कधी झाला नव्हता. वीस वर्षं मी अशी माणसं पैसे घेऊन बनवली आहेत. या वेळी शपथ घेतली होती की बनवणार नाही.

'एक वाक्य माझं,' मी म्हणालो. 'त्या वर्षी गावात या नावाचे नऊ पुरुष होते. तेवढं छापलंच पाहिजे. ज्याला वाचता येईल तो वाचेल.'

तिने यादी पुन्हा वाचली. वॉटी तिच्या तोंडाकडे बघत होता. चौसष्ट वर्षांचा माणूस, निकाल ऐकायला बसल्यासारखा.

'लिहा,' ती म्हणाली. 'तुमच्यासारखे असतील तर कोणाला कळायचं नाही.'

वॉटीने रुमाल काढून नाक शिंकरलं, फार मोठ्याने. मग म्हणाला, 'ते बिछान्याचं वाक्य काढा. चांगलं आहे. पण काढा.'

शुक्रवार, १७ मार्च

काल दुपारपासून आज दुपारपर्यंत प्रुफांवर. अकरा पानांची चार झाली. दाराला दोन पानं दिली. तळटीप क्रमांक सत्तेचाळीस, डोसी नावाच्या होडीबद्दलची, स्वतःच्या हाताने खोडली. मग शंका आली म्हणून बाकीच्या तळटीपा बघितल्या. आणखी चौदा होड्या खोडल्या. त्यांतल्या सहा मी बुडवल्या होत्या.

संध्याकाळी पाचला पोस्टातून प्रिंगलांना टेलिफोन केला. एवढे फेरफार पाहून चिडू नयेत म्हणून आधीच वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, 'हिस्लॉप, हे विलक्षण आहे. दिवा विसरला तोच माणूस आपलं दार जाळतो! एका रात्रीत पाप आणि प्रायश्चित्त. हे आधी का नव्हतं?'

मी काउंटरकडे पाहिलं. पोस्टातली बाई फ्लेट आहे. तिने शिक्का मारायचं थांबवलं होतं.

'फक्त ते नऊ जणांचं वाक्य काढून टाकू,' प्रिंगल म्हणाले. 'उगाच मध्ये येतं. कोणाला काय करायचंय?'

'ते राहील.'

'पण काय कामाचं आहे?'

'ते निघालं तर पुस्तक निघालं,' मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. प्रिंगल म्हणाले, बरं, बरं.

बाईने शिक्का मारला.

मी बरोबर केलं का, मला माहीत नाही. इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकाने विचारलं तर काय सांगेन तेही माहीत नाही. वॉटीने विचारलं तर माहीत आहे.

शनिवार, १८ मार्च

प्रुफं सातच्या बसने गेली. पाऊस नाही, वारा नैऋत्येचा.

पावणेआठला दार वाजलं. वॉटीचा मेहुणा, ज्याच्याशी मी आजवर चार वाक्यं बोललो असेन. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, सुतळीने बांधलेला. आजोबांची ग्रीनलंडला देवमासे मारायला जाणाऱ्या बोटीवरून आलेली पत्रं. 'वाचून परत द्या,' म्हणाला. 'आणि मला विचारल्याशिवाय काही समजू नका.' त्याला आत बसवलं. साडेदहापर्यंत आम्ही पहिल्या पत्रातल्या माणसांची नावं लिहून काढत होतो. पत्र अजून वाचायचं आहे.